‘नोकरी मागा’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दिव्यांगांच्या व्यावसायिक पुनर्वसनावर, म्हणजे त्यांना कामाला लागायला मदत करण्यावर, मी लेख लिहिला होता: आधी नोकरी द्या, कौशल्य त्या कामावरच शिकवा. त्याबद्दल तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत, ती दोनदा वाचली. चूक आधी मान्य करतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा याच विषयावरचा १५९ क्रमांकाचा करार १९८३ साली संमत झाला. मी दिलेलं १९८५ हे तो अमलात आल्याचं वर्ष. दुरुस्ती केली आहे.

पण "लेखक सहानुभूतीच्या भरात वाहवत गेलाय, आधी कौशल्य येऊ द्या, मग नोकरी मागा" हे तुमचं वाक्य लागलं. मागा? काम करून पगार घेणं म्हणजे हात पसरणं नव्हे. मतभेद खुशाल असू द्या, पण दिव्यांग माणसाच्या नोकरीला उपकार समजणारा हा सूर मी ऐकून घेणार नाही.

आणि सहानुभूती कुणाची, कुणाबद्दल? अपघातात माझ्या उजव्या हाताच्या नसा तुटल्या. लेखात हे सांगायची गरज वाटली नव्हती, आता सांगतो. त्यानंतर चौदा महिने मी एका प्रशिक्षण केंद्रात काढले. लिफाफे चिकटवले, एका हाताने जमेल तशा खुर्च्या विणल्या, प्रमाणपत्र घेतलं. ते घेऊन गेलो तर कुणी दारात उभं केलं नाही. पुढे एका कार्यालयाने कामावर घेतलं आणि एक मार्गदर्शक बाई तीन आठवडे माझ्या शेजारी बसल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माउस डावीकडे घेतला, संगणकावर स्टिकी कीज चालू केल्या (कंट्रोल आणि दुसरी कळ एकदम दाबायला नको, एकामागून एक दाबली तरी चालते), आणि लिहिताना कागद सरकत होता म्हणून त्याखाली रबराचा तुकडा ठेवला. चौदा महिन्यांत हे कुणी दाखवलं नव्हतं. दाखवणार कसं? मी पुढे कुठल्या टेबलावर बसणार हेच केंद्रात कुणाला माहीत नव्हतं. कौशल्य नको असं मी कधी म्हटलं? ते कुठे शिकायचं, एवढाच माझा मुद्दा होता.

"हे तुमच्या एकट्याचं झालं" असं म्हणाल, म्हणून हेही सांगतो. अमेरिकेत ड्रेक आणि बेकर या संशोधकांनी १९९० च्या दशकात तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी हीच पद्धत बसवली: आधी माणसाच्या आवडीची खरी नोकरी, मग ती टिकवण्यासाठी लागेल तितका काळ आधार. आधी प्रशिक्षण देणाऱ्या सेवांशी तिची तुलना एकदा नाही, अनेकदा झाली, आणि खुल्या बाजारात नोकरी मिळवणारे या पद्धतीत जास्त निघाले. हे वाचलं असतंत तर ‘भावनिक लेखन’ असा शिक्का मारायची घाई केली नसतीत.

खर्चाबद्दल आणि मालकांच्या अडचणींबद्दल आधी लिहून झालं आहे, पुन्हा लिहीत नाही. आणि राखीव जागांवरून तुम्ही जे सुनावलंत, त्याबद्दल माझ्या लेखात एक ओळसुद्धा नव्हती. लेख पूर्ण वाचून मग लिहा, उत्तर नक्की देईन.