‘इतकी वर्षं झाली, आता काय उपयोग’ असं कुणालाही सांगण्याआधी

ठाण्याच्या नौपाड्यात माझ्या घरी बत्तीस वर्षं शिकवणी चालली. मराठी आणि गणित, पाचवी ते दहावी. त्यामुळे राम मारुती रोडवर भाजी घेतानाही कुणीतरी “बाई” म्हणून हाक मारतंच. गेल्या पावसाळ्यात दोन भाऊ घरी आले, दोघंही माझे जुने विद्यार्थी. थोरल्याने आत आल्यावर स्वतःच दार लावून घेतलं आणि म्हणाला, “बाई, आज शिकवणीला कोणी येणार नाही ना?”

शाळेत असताना एकाच सरांनी दोघांवर लैंगिक अत्याचार केला होता, ते सांगायला आले होते. दोघांच्या परवानगीनेच लिहितेय. शाळेचं नाव, त्या सरांचं नाव लिहिणार नाही. कमेंटमध्ये कुणी अंदाज बांधले तर काढून टाकीन, कारण अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, कुटुंब, शाळा, शेजार, ज्यातून ओळख पटेल असं काहीही उघड करायला पोक्सोच्या, म्हणजे लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ ने मनाई आहे. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या वेळी आपल्यातल्या किती जणांनी शाळेच्या फोटोसकट फॉरवर्ड केले होते, आठवून पाहा.

बदलापूरवरूनच हे सुरू झालं. २० ऑगस्ट २०२४ ला लोक रुळांवर उतरले, गाड्या थांबल्या, तेव्हा थोरला कामावरून परतताना अंबरनाथला अडकला होता. बालवाडीतल्या दोन मुलींची बातमी त्याने उभ्या उभ्या फोनवर वाचली. रात्री घरी येऊन त्याने धाकट्याला फक्त एवढंच विचारलं, “तुलाही त्याच सरांचे जादा तास होते ना?” धाकटा उठून गच्चीवर गेला. बोलायला त्याला आणखी वर्ष लागलं.

सातवीच्या स्कॉलरशिपचे जादा तास. थोरल्याचे २००९ च्या दिवाळीनंतर, धाकट्याचे २०१३ च्या दिवाळीनंतर. माणूस तोच, वर्गही तोच. काय झालं ते इथे लिहिणार नाही. ते सांगायचा हक्क त्यांचा आहे, आणि सांगायची जागा वेगळी आहे.

त्यांनी घरी आईला सांगितलं होतं. मामाही तिथेच होते. मामा म्हणाले, “इतकी वर्षं झाली, आता काय उपयोग? पोलीस तरी लिहून घेतील का?” मामा वाईट माणूस नाही. पण हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकवत नाही. म्हणून त्या दोघांना घेऊन मी कोर्ट नाक्यावर एका वकील मैत्रिणीकडे गेले. दोन तास बसलो. तिथे जे कळलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं.

सगळं एका तारखेवर येऊन थांबतं. १४ नोव्हेंबर २०१२. त्या बालदिनापासून पोक्सो लागू झाला. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, मुलगा असो की मुलगी. धाकट्याच्या बाबतीत गुन्हा घडला तेव्हा हा कायदा होता, आणि शाळेच्या कर्मचाऱ्याने विद्यार्थ्यावर केलेला लैंगिक हल्ला हा त्यात गंभीर प्रकार धरला आहे, कलम ९ आणि १०, शिक्षा पाच ते सात वर्षं. त्याच्याही पुढचं कृत्य असेल तर कलम ५ आणि ६. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान वीस वर्षं, त्याआधी किमान दहा. शिक्षा मात्र गुन्ह्याच्या दिवशी जो कायदा होता त्याप्रमाणेच होते.

आणि मुदत? तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला आपल्याकडे तक्रारीची मुदतच नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ मध्ये तेच आहे. म्हणजे तेव्हा बारा वर्षांचा असलेला धाकटा आज चोविसाव्या वर्षी पोलीस ठाण्यात जाऊ शकतो. चाळिसाव्या वर्षीही जाऊ शकला असता. केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये हे जाहीर केलं होतं. फक्त अश्लील बोलणं, खाणाखुणा, मागे लागणं अशा कलम १२ खालच्या प्रकाराला शिक्षाच जास्तीत जास्त तीन वर्षांची, म्हणून तिथे तीन वर्षांची मुदत आड येते. तिथेही न्यायाच्या हितासाठी उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे.

थोरल्याचं ऐकताना मात्र मला खुर्चीत बसवेना. २००९ साली पोक्सो नव्हता. जुन्या दंड संहितेतलं विनयभंगाचं कलम ३५४ फक्त स्त्रियांसाठी. मुलग्यासाठी होतं ते अनैसर्गिक संभोगाचं कलम ३७७, आणि ते ठरावीक कृत्यापुरतंच. तसं काही झालं असेल तर आजही गुन्हा नोंदवता येतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध त्यातून वगळले, तरी लहान मुलांच्या बाबतीत ते कलम कायम होतं, आणि १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली तरी जुन्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं. पण त्या कृत्याहून कमी असं जे काही, त्याला बारा वर्षांच्या मुलापुरता कायद्यात शब्दच नव्हता. (मुलींच्या बाबतीत बलात्काराला तेव्हाही मुदत नव्हती. विनयभंगाला २०१३ पूर्वी शिक्षा दोन वर्षांपर्यंतच, म्हणून तीन वर्षांनी दार बंद.) वकील मैत्रीण म्हणाली, धाकट्याने तक्रार केली तर थोरला जबाब देऊ शकतो. त्याला किती वजन द्यायचं ते कोर्ट ठरवील. थोरला म्हणाला, “म्हणजे माझं झालं ते त्याच्या कामी येईल.” कुणीच काही बोललं नाही.

तक्रारीसाठी घटना घडली त्याच हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जावं लागतं असं नाही. धाकटा ऐरोलीला राहतो, तो रबाळे पोलीस ठाण्यातही जाऊ शकतो. तिथे झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता गुन्ह्याची नोंद, होऊन पुढे हद्दीत पाठवतात. नोंदवायला नकार देता येत नाही. पोक्सोच्या तक्रारीची नोंद न करणं हाच कलम २१ खाली गुन्हा आहे. तरीही टाळलं तर पोलीस आयुक्तांकडे लेखी आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. एवढं वाचून कुणाला सोपं वाटलं तर माझं चुकलं. बदलापूरच्या पालकांनाही ठाण्यात तासन् तास बसवून ठेवलं होतं, आणि त्या मुली तर तेव्हा लहान होत्या, घटना ताजी होती.

इतक्या वर्षांनी वैद्यकीय पुरावा नसतो. असतं ते इतर सगळं. शाळेचा हजेरीपट, जादा तासांचं वेळापत्रक, त्या काळात कुणा मित्राला सांगितलं असेल तो मित्र, नंतर समुपदेशकाकडे गेला असेल तर तिथली नोंद. दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होतो. उशीर का झाला हे सांगावं लागतं, पण केवळ उशिरामुळे केस पडत नाही. मूळ घटना सरकारी पक्षाने उभी केली की पुढे आरोपीनेच आपण निर्दोष असल्याचं दाखवायचं, असं कलम २९ म्हणतं. खटला बंद दाराआड चालतो. कायद्यात लिहिलंय शक्यतो वर्षभरात संपवा. तसं होतंच असं समजून कुणी जाऊ नये. वकिलाचे पैसे नसतील तर ठाणे कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. स्त्रिया आणि लहान मुलांना उत्पन्नाची अटही नाही. फोन १५१००. आज मूल संकटात असेल तर १०९८.

आणि शाळा? मुलावर अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या कर्मचाऱ्याबद्दल लपवलं तर वर्षापर्यंत कैद. बदलापुरात विश्वस्तांवर याच कलमाखाली गुन्हा दाखल झाला. पण वर्षाची शिक्षा म्हणजे मुदतही वर्षाचीच, आणि जुन्या प्रकरणात ते वर्ष कधीपासून मोजायचं यावर वाद घालायची सोय राहते. करणाऱ्याला काळ वाचवत नाही, झाकणाऱ्याला वाचवू शकतो. मला हे मुळीच पटत नाही, आणि बदलायला हवं असेल तर ते हेच आहे. “संस्थेची बदनामी नको” म्हणत स्टाफरूममध्ये विषय मिटवणारी माणसं मी पाहिलीत. तेव्हा मीही गप्प बसून चहा प्यायले आहे. त्या गप्प बसण्याची लाज मला आता वाटते.

कुणी म्हणालं, फेसबुकवर नाव टाका, सगळं बाहेर येईल. नका टाकू. पोलिसांकडे सद्‌भावनेने केलेल्या तक्रारीला अब्रुनुकसानीच्या कायद्यात संरक्षण आहे, पोस्टला तसं नाही, आणि पुढे आरोपीचा वकील तीच पोस्ट पुढे करतो. फाशी द्या म्हणून ओरडणाऱ्यांनाही एक सांगते. बदलापूरचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला पोलिसांच्या गोळीबारात गेला आणि त्याच्यापुरता खटला तिथेच संपला. त्या मुलींच्या बाजूने त्याच्याविरुद्ध कोर्टाचा निकाल आता कधीच येणार नाही.

धाकट्याने अजून ठरवलेलं नाही. मी विचारत नाही. ज्याला सोसावं लागलं त्याने ठरवायचं. तक्रार केली नाही म्हणून तो कमी धीराचा ठरत नाही.

मी एवढंच केलं की माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. शिकवणीची हजेरी मी वहीत लिहायची. २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या नावापुढे नऊ फुल्या आहेत. दोन ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलंय, “पोट दुखतं म्हणाला.” जानेवारीत एका ओळीत, “टंगळमंगळ करतो, आईशी बोलणे.” मी बोलले होते. आईने त्याला मारलं होतं.

वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. त्याला फोन करून सांगितलं, लागली तर आहे. तो म्हणाला, “असू दे बाई, जपून ठेवा.”