अजून एक व्हेरियंट काढा की!

परवा बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका पंपाचा सत्ताविसावा प्रकार निघाला, म्हणून हे लिहावं लागतंय. एप्रिल उजाडला, मीटिंग झाली, कंपनीचं वार्षिक ध्येय ठरलं, कुंद्याचा डबाही घरी पोचला. आता त्या ध्येयाचा वारा तुमच्या प्रॉडक्टला लागू नये, यासाठी काय करायचं ते बघा.

ध्येय असं लिहा की ते चुकलं हे कुणालाच दाखवता येऊ नये. ‘जागतिक दर्जा’ झकास. ‘पडून राहणारा माल ९० दिवसांवरून ६० वर’ असलं काही लिहिलंत तर जूनमध्येच कुणीतरी मोजायला बसेल. वर ते इंग्रजीत छापून गेटवर लावा. साचे करणारा मोल्डिंगवाला मराठी, ओतीव माल घासून साफ करणारा फेटलिंगवाला कन्नड. उगाच दोघांना त्रास कशाला?

रोडमॅप, म्हणजे पुढे कुठलं प्रॉडक्ट कधी काढायचं तो आराखडा, फोनवर ठरवा. ज्या डीलरचा आवाज मोठा, त्याचा व्हेरियंट आधी. निपाणीवाल्याला डिलिव्हरी, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडायचं तोंड, ६५ ऐवजी ८० मिलिमीटर हवीय? द्या की! तोंडच तर मोठं करायचंय. नुसतं तोंड म्हणजे ड्रॉइंगची नवी रिव्हिजन, नवा पॅटर्न, नवा कोअर बॉक्स, फिक्स्चर, गेज, आयटम कोड, आणि पुढची दहा वर्षं स्पेअर. मशीनवर सेटिंगला दोन तास, नगाला सहा मिनिटं, ऑर्डर वीस नगांची. दोन तास सेटिंग, दोन तास काम! दोनशे नगांच्या लॉटला तीच सेटिंग नगामागे ३६ सेकंद पडते, वीस नगांना सहा मिनिटं. कॉस्टिंगच्या शीटमध्ये मात्र अजून ३६ सेकंदच, म्हणून कागदावर नफा आणि बँकेत ओव्हरड्राफ्ट. रिजेक्शन धरून फाउंड्री सव्वीस कास्टिंगं ओतते, उरलेली सहा रॅकवर. मग मार्चमध्ये साहेब ओरडणार, स्टॉक का वाढला? तुम्हीच वाढवला की हो!

ध्येय मार्जिनचं ठेवा, सेल्सचा इन्सेंटिव्ह टनावर.

काय करायचं नाही याची यादी? छे, डीलर नाराज होतो.

ओकेआर, म्हणजे ध्येय आणि ते मोजायचे निकाल लिहायची पद्धत, जरूर आणा. आधी ध्येय आणि मग कामं, असं इंटेलमध्ये करत असतील. आपण सतरा कामं आधी ठरवायची आणि वरून एकेकाला ध्येयाचं लेबल चिकटवायचं.

पुरे झाली ही थट्टा. रोडमॅपच्या प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने आखा: कुठलं ध्येय, किती आकडा, जबाबदार कोण. एकही रिकामा राहिला तर ओळ खोडा. वर्षाला पन्नास नगही न जाणारे प्रकार बंद करा, निपाणीवाल्याला ६५ च्या पंपाबरोबर दोन मापं जोडणारा रिड्यूसर द्या. एका दुपारचं काम आहे हे. त्या एका दुपारची तुम्हाला सवड नाही, आणि मार्चअखेर पोरांना रात्री बारापर्यंत मशीनवर उभं करायला बरी सवड मिळते! ती सहा कास्टिंगं गंजलीत. रॅकपाशी जाऊन एकदा हात तरी लावून बघा.