'बहुतेक' म्हणजे नेमकं किती?

नमस्कार काका. मोठ्या निर्णयाआधी नुसतं 'बहुतेक' न म्हणता प्रत्येकानं शक्यता टक्क्यांत चिठ्ठीवर लिहावी, असं मी लेखात सुचवलं होतं. तीस वर्षं फाउंड्री चालवलेल्या माणसाला टक्के विचारणं म्हणजे पंचांग उघडून बसणं, त्यातून खोटी अचूकता तेवढी येते, असं तुम्ही लिहिलंत. अचूकतेचं निम्मं मान्य. ७२ टक्के म्हणणाऱ्याला मीही हसतो. पाचाच्या पटीत बोला म्हणतो.

पण जाणत्या माणसाचं 'बहुतेक होईल' पुरे, हे पटत नाही. १९५१ साली सीआयएच्या अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' वर्तवली होती. या अहवालामागचे एक वरिष्ठ अधिकारी शर्मन केंट यांच्या मनात ती ६५ टक्के होती. त्यांनी अहवाल करणाऱ्या सहकाऱ्यांना एकेक करून विचारलं, तर उत्तरं २० पासून ८० पर्यंत! शब्द मात्र सगळ्यांनी मिळूनच ठरवलेला.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी हेच पाहिलं. नवी लाइन दिवाळीआधी सुरू होईल का? मीटिंगमध्ये सगळे 'बहुतेक'. चिठ्ठ्यांवर प्रॉडक्शनचे ९०, परचेसचे ४०. मशीनचा कंट्रोलर न्हावाशेव्याला कस्टममध्ये अडकलाय, हे परचेसवाल्याला ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. जुनी लाइन मोडीत काढायची ठरली होती, ती थांबवली. ९० खरे की ४०, हा वाद कुणी घातलाही नाही.

आकडा सुचत नसेल तर मी पैज लावायला सांगतो. दहा चिठ्ठ्यांत सात लाल; लाल निघाली तर हजार रुपये, किंवा लाइन वेळेत सुरू झाली तर हजार. कशावर लावाल? लाल चिठ्ठ्या कमी-जास्त करत गेलं की एका जागी माणसाला दोन्ही पैजा सारख्याच वाटतात. तिथे लाल किती टक्के, तोच त्याचा आकडा.

तुमचा दुसरा आक्षेप मात्र बिनतोड आहे: वर्षाला चार मोठे निर्णय, त्यावरून कुणाचा अंदाज बरा हे कसं कळणार? नाही कळत. हवामानतज्ज्ञ ब्रायर यांनी १९५० मध्ये अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करून गुण द्यायची रीत मांडली, ती हवामानवाल्यांसाठी. त्यांचा निकाल रोज लागतो. मूळ लेखात मी ती सरसकट सुचवली, ती चूकच. आता मी डिस्पॅच, रिजेक्शन अशा दर आठवड्याच्या गोष्टींवर आकडे लिहून घेतो.

आणि मालकांनी कधी बोलायचं, हे विचारलंत. सगळ्यात शेवटी. एकदा आमचे मालक चिठ्ठ्या वाटायच्या आधीच '८० तरी नक्की' म्हणून गेले. पाचही चिठ्ठ्यांवर ८०! त्या मी केराच्या टोपलीत टाकल्या.