पावणेदोन पट स्ट्रोकचा हिशोब: कराडकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार कराडकर,

मीटिअर ३५० (रॉयल एनफिल्डची क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची, पाय पुढे ठेवून चालवायची गाडी) वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, ३५० सीसी असून ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवर. पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढावर डबलसीट बजाजची एनएस २०० सहज पुढे निघून जाते. दोन, गाडी ऐसपैस म्हणतात, पण शंभर किलोमीटरनंतर कंबर धरते. तीन, जुनं रूप म्हणजे नुसते क्रोमचे पैसे. आणि यातलं काहीच न सांगता मी फक्त कौतुक केलं, असंही तुम्ही लिहिलंय. ही शेवटची तक्रार रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ताकद. या दोन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, एकच आहे, ७२ मिलिमीटर. फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली किती धावतो त्यात आहे: एनएसचा ४९, मीटिअरचा ८५.८. तेवढ्याच रुंदीच्या सिलिंडरमध्ये मीटिअरच्या पिस्टनला दर फेरीला पावणेदोन पट धावावं लागतं. असं इंजिन नऊ-दहा हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेऱ्यांपर्यंत) नेलं तर पिस्टनचा वेग झेपत नाही, म्हणून ते ६१०० लाच आपली २०.४ पीएस (जवळजवळ हॉर्सपॉवरच) देऊन मोकळं होतं. एनएस ९७५० ला २४.५ देते. हॉर्सपॉवर निघते टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि आरपीएमच्या गुणाकारातून. फेरेच कमी, तर आकडाही कमीच येणार.

आता ४००० आरपीएमला काय होतं ते पाहा. मीटिअरचा २७ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क तिथे मिळतो आणि त्याचे साधारण १५ पीएस होतात. एनएसचा कमाल टॉर्क १८.७, तोही ८००० ला. तो सगळाच्या सगळा ४००० ला मिळतो असं धरलं तरी ११ पीएस भरत नाहीत. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात वळणातून बाहेर पडताना तिसरा गिअर तसाच ठेवून मनगट हळू वळवलं की गाडी ओढत निघते, ती यामुळे. एनएसवाला तिथे एक गिअर खाली टाकेल आणि तुमच्या पुढेही जाईल. पण त्याला गिअर टाकावा लागेल. या जातीच्या गाडीचं सगळं आकर्षण या एका गोष्टीत आहे, असं माझं ठाम मत आहे. टाकीचा आकार आणि गोल दिवा नंतर येतात.

खंबाटकीचं तुमचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. मीटिअर १९१ किलोची, एनएस सुमारे १५८. दोघांचं मिळून १४० किलो धरलं तर मीटिअरला टनामागे ६२ पीएस पडतात, एनएसला ८२. एक तृतीयांश जास्त. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ ६० च्या वेगाने चढायला मीटिअरला नुसत्या चढासाठी साडेचार पीएसच्या आसपास लागतात, त्यात अडचण नाही. अडचण येते ट्रकच्या मागून ओव्हरटेक काढताना. त्या वेळी चौथ्यात राहून वाट बघण्यात अर्थ नाही. आधीच तिसरा टाकून ठेवायचा, समोरचा रस्ता पूर्ण दिसला तरच बाहेर पडायचं. हे मूळ लेखात असायला हवं होतं.

यातूनच एक वाईट सवय लागते. टॉर्क आहे म्हणून लोक पाचव्यात ३५-४० च्या वेगाने चढ चढवतात. इंजिन गचके देतं आणि ते गचके साखळीतून मागच्या चाकाच्या हबमधल्या (मध्यभागातल्या) धक्का शोषणाऱ्या कपलिंग रबरावर बसतात. रबर दबलं की गिअर टाकताना, ॲक्सिलरेटर सोडताना खट्ट असा धक्का येतो आणि बिचारी साखळी घट्ट केली जाते. तपासणी सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) जागेवर राहून हबच ठळकपणे हलत असेल तर रबर बदला, साखळीला हात लावू नका.

कंबरेचं दुखणं खरं आहे, आणि ते पूर्ण जात नाही. साध्या गाडीवर पाय कंबरेखाली असतात, खड्डा आला की माणूस नकळत फूटरेस्टवर भार देऊन थोडा उचलला जातो. इथे पाय पुढे असल्याने तसं उठता येत नाही, सगळा धक्का माकडहाडातून वर जातो. ७६५ मिलिमीटरची बुटकी सीट ठेवायची तर मागच्या शॉकअपला जागाही बेताचीच उरते. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या गर्दीत दोन्ही पाय टेकून निवांत उभं राहता येतं ते याच बुटकेपणामुळे.

तरी निम्मा त्रास चुकीच्या सेटिंगचा असतो. शॉकअपची पायरी (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती खाच) वाढवली की स्प्रिंग कडक होते, असा समज आहे. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी मागून उचलली जाते. एकट्याने चालवताना वरची पायरी ठेवली तर खड्ड्यात चाक खाली जायला वाव उरत नाही आणि उलटाच धक्का बसतो. गाडी डबल स्टँडवर असताना मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत माप घ्या. मग गाडी चाकांवर उभी करून, नेहमीचा पोशाख घालून बसा आणि दुसऱ्याला माप घ्यायला सांगा. फरक २५ ते ३० मिलिमीटर असावा. जास्त आला तर सी-पान्याने पायरी वाढवा, कमी आला तर उतरवा, आणि दोन्ही बाजूंची पायरी एकच ठेवा. सीटवर मऊ स्पंज वाढवून घेऊ नका, तो तासाभरात दबून तळाला टेकतो. सीटवाल्याकडून खाली ४० डेन्सिटीचा फोम आणि वर पातळ मऊ थर करून घ्या. एवढं करूनही दर पाऊण तासाने उतरावं लागणार असेल, तर ही गाडी तुमच्या पाठीची नाही.

घाट उतरताना काय होतं हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगायलाच हवं. क्रूझरचा मागच्या चाकावर भार जास्त असल्याने मागचा ब्रेक चांगला लागतो, आणि म्हणून लोक त्यावर पाय ठेवूनच उतरतात. डिस्क तापते, ब्रेक ऑइलमध्ये ओलावा असेल तर त्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, लांब स्ट्रोकचं इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं. ब्रेक दोन्ही, पण थोडा थोडा वेळ. ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

क्रोमबद्दल वाद घालत नाही. कास-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात ते पुसत राहावंच लागतं. जुन्या रूपासाठी तारांच्या चाकांची, ट्यूबवाली क्रूझर घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: बामणोलीच्या रस्त्यावर खिळा लागला तर चाक उतरवावं लागेल. मीटिअरच्या अलॉयमध्ये ट्यूबलेस टायर आहेत, तिथे प्लग मारून पुढे निघता येतं.

घ्यायचं की नाही हे ठरवायला शोरूमसमोरची सपाट चक्कर पुरत नाही. मागे रोजचा माणूस बसवा, पोवई नाक्यावरून राजपथाच्या चढाने राजवाड्यापर्यंत जा, तिथून बोगद्यापर्यंत आणि पुढे यवतेश्वर घाट चढून उतरा. वर पोहोचेपर्यंत गिअर फारसे न बदलता ओढत जाण्यात मजा वाटली नाही, तर एनएसच घ्या.