काट्यावरचा एरर 2 : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

वजनकाट्याच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चूक माझ्या कोडची, खापर मात्र मी लिंक केलेल्या लॉग लायब्ररीवर (प्रोग्रॅमच्या नोंदी लिहिणाऱ्या तयार कोडवर) फोडलं. 'एर्नो' (शेवटच्या चुकीचा क्रमांक जिथे राहतो ती जागा) आधीच शून्य केला असता तर एवढा कीस पाडावा लागला नसता. आणि एसट्रेस (प्रोग्रॅमने सिस्टिमकडे काय मागितलं, काय उत्तर आलं ते दाखवणारं साधन) काढण्यापेक्षा चार प्रिंटएफ (मजकूर छापणाऱ्या ओळी) टाकले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. जाताजाता, 'एरर कोड'ऐवजी 'त्रुटी संकेतांक' का नाही, हेही विचारलंत.

पहिलं मान्य. 'लायब्ररी खोटं बोलते' हे उपशीर्षक मी तावातावात दिलं होतं, आज काढून टाकलं.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी : चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावर मी लिहिलेला सी प्रोग्रॅम चालतो. इंडिकेटरवरचं वजन सिरियल पोर्टमधून घ्यायचं आणि पावती काढायची, एवढंच त्याचं काम. ऐन गळीत हंगामात काटाघरातली मशीन (कॉम्प्युटर) नव्याने बसवली आणि काटा बंद पडला. फोनवर तिथला पोरगा एकच सांगत होता, "एरर एरडू बरतैत्री." कन्नडमधला एरडू म्हणजे दोन, आणि 2 म्हणजे 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'; लिनक्सवर पोर्टही फाईलच. पोर्टच नाही म्हटल्यावर बेळगावहून गाडी काढली, केबल बदलली, कन्व्हर्टर बदलला. ट्रॅक्टरची रांग फाट्यापर्यंत गेलेली, आणि पोर्टची फाईल मात्र यादीत सरळ दिसत होती.

शेवटी एसट्रेस लावला. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) पोर्ट उघडायला नकार देताना दिलेला कोड 13 होता, 'परमिशन डिनाइड'. पोर्ट वापरायची परवानगी ज्यांना असते त्या डायलआउट ग्रुपमध्ये नवा युजर घातलाच नव्हता. 13 च्या लगेच खालच्या ओळीत दुसरीच एक फाईल उघडायचा प्रयत्न होता : झोनइन्फो या टाइमझोनच्या फोल्डरमधली एशिया/कोलकाता. ती सापडली नाही, म्हणून 2.

माझ्या कोडमध्ये पोर्ट उघडलं नाही की आधी लॉगला एक ओळ जायची, 'पोर्ट उघडत नाही', आणि पुढच्या ओळीत एर्नोचा अर्थ छापला जायचा. पहिली ओळ लिहिताना लायब्ररी वेळ टाकते, त्यासाठी लोकलटाइम हे स्थानिक वेळ काढणारं फंक्शन बोलावते, आणि लोकलटाइम टाइमझोनची फाईल शोधायला जातं. तेवढ्यात 13 पुसला जाऊन तिथे 2 बसलेला. लायब्ररीने नियम मोडला का? नाही. सीचं मानकच सांगतं की कुठलंही लायब्ररी फंक्शन एर्नो परत शून्य करत नाही, आणि ज्या फंक्शनच्या वर्णनात एर्नोचा उल्लेख नाही ते सगळं सुरळीत पार पडलं तरी त्यात काहीही ठेवू शकतं. तेव्हा गुन्हा माझाच.

पण दुसरा मुद्दा पटला नाही, सर. एर्नो आधी शून्य करून इथे काय साधणार? ओपन (पोर्ट उघडायचा कॉल) फसलं की त्यात 13 येतोच, शून्य असो नसो. घोटाळा त्यानंतरचा आहे. आधी शून्य करायचा तो मजकुरातून आकडा काढणाऱ्या स्ट्रटूएलसारख्या ठिकाणी, जिथे परत आलेल्या आकड्यावरून खरंच तो आकडा होता की मर्यादा ओलांडली, हे कळत नाही. इथे उपाय एकच : ओपन फसल्याबरोबर, लॉगला हात लावण्याआधी, एर्नो एका लोकल इंटमध्ये (आपल्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये) उचलून ठेवायचा. आणि तुम्ही त्याला 'ग्लोबल व्हेरिएबल' म्हटलंय, तो तसा राहिलेला नाही. लिनक्सवर तो मॅक्रो (कंपाइल होताना दुसऱ्या कोडने बदलला जाणारा शब्द) आहे आणि प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या प्रत्येक समांतर धाग्याचा, वेगळा.

आता प्रिंटएफ. तुमचा उपाय मी केला होता, लेखात लिहायचा राहिला. मेनच्या (प्रोग्रॅमच्या मुख्य फंक्शनच्या) सुरुवातीलाच लॉगमध्ये 'सुरू झालो' एवढी ओळ टाकली, आणि एरर 2 जाऊन 13 यायला लागला. ओळ काढली की परत 2. अर्धा तास मी नुसता बघत बसलो. नंतर ट्यूब पेटली : झोनची फाईल शोधणं पहिल्याच ओळीला होतं. 'सुरू झालो'ने तो मार स्वतः खाल्ला, पुढच्या ओळीला एर्नो शाबूत मिळाला. एरवी पोर्ट उघडलं नाही की प्रोग्रॅम बंद पडायचा, सर्व्हिस त्याला परत उठवायची, आणि दर वेळी 'पोर्ट उघडत नाही' हीच ओळ पहिली ठरायची. म्हणजे तपासायला टाकलेली 'सुरू झालो' ही ओळच पुरावा पुसत होती. प्रिंटएफही या बाबतीत साधासुधा नाही. जुन्या युनिक्सवर आउटपुट फाईलमध्ये वळवलं की पहिल्या प्रिंटएफनंतर एर्नोमध्ये 25 सापडायचा, आणि त्याचा संदेश होता 'नॉट अ टाइपरायटर'! समोर टर्मिनल आहे का, हे लायब्ररी हळूच विचारून यायची. एसट्रेस कर्नलचं उत्तर मधल्यामधे टिपतो, नंतर कोणी एर्नोत काय लिहिलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून तो.

'त्रुटी संकेतांक'चं म्हणाल तर काटाघरातला पोरगा कन्नड, ट्रॅक्टरवाला मराठी, आणि दोघंही 'एरर'च म्हणतात की.

तुमची नजर बारीक आहे, तरी एक गोष्ट तुमच्याही हातून निसटली. लेखात लॉगच्या स्क्रीनचा फोटो आहे, त्यावर वेळ 15:34. मागे खिडकीत बघा : अंधार, आणि ट्रॅक्टरच्या दिव्यांची रांग. तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. झोनची फाईल न सापडल्यामुळे घड्याळ गुपचूप यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), बरोबर साडेपाच तास मागे. मी ते पाहिलं होतं सर, आणि म्हटलं होतं, घड्याळ नंतर लावू, आधी केबल बदलू.