पाव किलो, ग्वेरीतो

मी पाव किलोच मागितली होती. ‘कुआर्तो’ हा शब्द घरून घोकून निघालो होतो आणि तो नीट उच्चारलाही. तरी आत्ता माझ्या ओट्यावर अर्धा किलो वाळलेली हामायका, म्हणजे इथे सरबत करतात ती लाल बोंडं, पडली आहे, कारण रांगेत माझ्या मागे एक आजी उभ्या होत्या.

हामायका लिहायची जमैका बेटासारखी आणि वाचायची ‘हा’ लावून. मेक्सिको सिटीत याच नावाची एक मंडई आहे, ती प्रसिद्ध आहे गुलाब-झेंडूसाठी. शेजारच्या मेट्रो स्टेशनाचंही तेच नाव, आणि त्याच्या पाटीवर चित्र मक्याच्या कणसाचं. या शहरात नावावर जाणाऱ्याचं काही खरं नाही. म्हणून मी आपला गल्लीतल्या आठवडी बाजारात, तियांगिसात गेलो.

“काय देऊ, ग्वेरीतो?” विक्रेत्याने विचारलं. ग्वेरीतो म्हणजे गोरटेला. माझा रंग लग्नाच्या बायोडेटातसुद्धा ‘निमगोरा’च्या वर गेला नव्हता, पण इथल्या बाजारात पाकीट काढणारा प्रत्येक जण गोरा असतो.

“पाव किलो हामायका.”

“पाव?” मागून आवाज आला. “पाहुणे किती आहेत?”

“पाहुणे नाहीत.”

“आणि आले म्हणजे?”

याला उत्तर नव्हतं. आजींनी पिशवी खाली ठेवली, म्हणजे मुक्काम लांबणार होता.

“कशात उकळणार?”

“पातेल्यात.”

“कसल्या?”

“ॲल्युमिनियमच्या.”

आजींनी छातीवर क्रूस काढला. मग म्हणाल्या, “आणि किती वेळ?”

“अर्धा तास?” मी पडेल आवाजात बोली लावली.

“याला देऊ नकोस,” त्या विक्रेत्याला म्हणाल्या.

आता देशाच्या अब्रूचा प्रश्न होता. मी सांगितलं की ही आमच्याकडेही होते, अंबाडी म्हणतात, आम्ही तिचा पाला खातो. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची खमंग फोडणी. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “आणि बोंडं?” विदर्भात बोंडांची चटणी होते, सरबतही होतं, हे मला पक्कं माहीत आहे. पण एवढं स्पॅनिश वेळेवर सुचेना आणि तोंडून निघून गेलं, “बोंडं राहतात झाडावर.”

आजी विक्रेत्याकडे वळल्या. आवाजात करुणा होती. “अर्धा किलो दे रे बिचाऱ्याला. त्यांच्याकडे पाला खातात.”

त्याने दिली. वर पिलोन म्हणून, म्हणजे आपल्याकडे भाजीवर कढीपत्ता टाकतात तशी, मूठभर जास्तच.

राग याचा आहे की आजींचं सगळं बरोबर होतं. (पाव किलोचं सोडून. ते मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.) ही मुळात फुलाची पाकळीच नाही. फिकट पिवळ्या पाकळ्या गळतात आणि खालची लाल, मांसल निदलं फुगतात, ती वाळवतात. रस भलताच आंबट, त्यामुळे ॲल्युमिनियम त्यात उतरतं आणि पेयाला धातूची चव येते. स्टील घ्यावं, नाहीतर इथलं पेल्त्रे, म्हणजे इनॅमलचं भांडं.

दोन लिटरला 50 ग्रॅम पुरे. वाळू असते, म्हणून चाळणीत एकदाच भरभर धुवायची. भिजत ठेवली तर रंग मोरीत जातो. एक लिटर पाण्याला उकळी आणायची, हवा तर दालचिनीचा तुकडा टाकायचा, मग हामायका घालून मंद आचेवर 5 मिनिटं. गॅस बंद करून, झाकून 15 मिनिटं. माझा अर्धा तास उकळण्याचा बेत पार पडला असता तर रंग विटकरी आणि चव कडवट झाली असती. गाळताना चोथा दाबून पिळायचा नाही, गढूळ होतं. 150 ग्रॅम साखर गरम असतानाच विरघळवायची, कारण थंडात ती तळाशी बसते आणि शेवटचा ग्लास पिणाऱ्याला पाक मिळतो. वरून एक लिटर गार पाणी. बर्फ ग्लासात, जगमध्ये नाही.

ओट्यावर सांडलं तर साबण लावू नका. हा लाल रंग आम्लातच लाल राहतो, साबणाने डाग निळसर होतो आणि मग आपण ओट्याला काय झालं म्हणून बसतो. आधी लिंबू फिरवा. सांडणारच आहे.

एवढं करायचं कशाला, म्हणाल, तर खाणावळींत मोठ्या काचेच्या बरणीतून पळीने देतात ती कधीकधी नुसती पावडर असते. रंग झगझगीत, आंबटपणा नावाला, साखर जिभेला चिकटणारी. ज्या देशात गेर्रेरोसारखं राज्य ही बोंडं पिकवतं, तिथे पाकिटातली पूड पाजायची आणि वर ‘अस्सल’ म्हणायचं! मी एकदा विचारलं तर वाढप्याने बरणी नीट पुसली, उत्तर दिलं नाही.

आजींनी जाता जाता बजावलं होतं की चोथा टाकू नकोस, कांद्यावर परतून तोर्तियात, म्हणजे इथल्या पोळीत, भर. मी कांद्याआधी लसणाची फोडणी घातली. हे त्यांना कळता कामा नये.

450 ग्रॅम शिल्लक आहे, पिलोन वेगळं. पाहुणे आलेले नाहीत.