पाव पायांतून आलेला नाही, पोदेराचं नाव पाहा

'पूर्वी बेकरीत पीठ पायांनी तुडवत, म्हणून पाव' हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्याचा जोडमजकूर असा: रोटीचे चार भाग करून एकेक विकत, म्हणून पाव. दोन्ही चूक आहेत.

आधी पाय. पायाला 'पाँव' हिंदीत म्हणतात, मराठीत नाही. आणि हा शब्द आला पोर्तुगिजांकडून. त्यांच्या भाषेत पाय म्हणजे 'पे', तर पाव म्हणजे नाकातून उच्चारलेला 'पांव'. तो लॅटिन 'पानिस'पासून झाला. लॅटिनमधला दोन स्वरांमधला 'न' पोर्तुगीजमध्ये गळतो आणि स्वर अनुनासिक होतो. 'मानुस' म्हणजे हात, त्याचा झाला 'मांव'. 'कानिस' म्हणजे कुत्रा, त्याचा 'कांव'. स्पॅनिशने 'न' राखला, म्हणून तिकडे पान, पाव भाजणारा तो पानादेरो आणि बेकरी ती पानादेरिया. पोर्तुगीजमध्ये हेच त्रिकूट पांव, पादेइरु, पादारिया. गोव्यातला पाव भाजणारा पोदेर तो हाच पादेइरु. पायांची गोष्ट खरी मानली, तर पोदेर या शब्दाचा उलगडाच होत नाही. जपानमध्येही पोर्तुगीज सोळाव्या शतकात पोचले. तिथे आजही पावाला 'पान' म्हणतात आणि जपानी पायाशी त्याचा काही संबंध नाही.

आता चौथा हिस्सा. 'पाव किलो'तला पाव संस्कृत 'पाद'पासून आला. आपल्याकडे दोन्ही शब्द सारखे ऐकू येतात, म्हणून गफलत होते. बंगालीत हे शब्द वेगळे आहेत: चौथा हिस्सा 'पोया', पाय 'पा', आणि ब्रेड 'पाउरुटी'. शिवाय लादी म्हणजे कापलेली रोटी नव्हे. पिठाचे सुटे गोळे ट्रेमध्ये जवळजवळ मांडतात, ते फुगून एकमेकांना चिकटतात. चिकटलेल्या कडेला थेट आच लागत नाही, म्हणून ती पांढरी आणि मऊ राहते. लादीत सहा, आठ, बारा असे कितीही पाव असतात.

पायांनी पीठ तुडवणं मात्र कुठेच घडलं नाही, असं नाही. मैद्याच्या 50 किलोच्या पोत्याला साधारण 30 लिटर पाणी लागतं. तो 80 किलोंचा गोळा चिवट होईपर्यंत मळायचा, नाहीतर हवा धरत नाही आणि पाव बसतो. यंत्राविना हे फार कष्टाचं काम. इजिप्शियन लोक पीठ पायांनी मळतात, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलं आहे. 'पांव' हा पोर्तुगीज शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता.